आपा सायकलवरून उतरायच्या

आपांना सायकल येत नव्हती, ही गोष्ट आमच्या अख्ख्या हॉस्पिटलला माहीत होती. मान्य नव्हती ती फक्त आपांना. जर्मनीतल्या नोकरीसाठी आमची ऑनलाइन मुलाखत झाली, तेव्हा पडद्यावरच्या बाईंनी सगळं विचारून झाल्यावर शेवटी सहज विचारलं की तुम्हाला सायकल चालवता येते ना, कारण आमच्या नर्स पेशंटच्या घरी सायकलवरून जातात. मी शेजारच्या खुर्चीत माझा नंबर यायची वाट बघत होते. आपांनी जराही विचार न करता "हो" म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं आणि म्हटलं, आपा, तुम्ही जन्मात सायकलच्या सीटवर बसलेल्या नाहीत, हे काय बोलून बसलात? त्या शांतपणे जिना उतरत राहिल्या.

"येत न्हाई असं काही नसतंय बेटा," त्या म्हणाल्या. "अजून केलं न्हाई, एवढंच असतंय."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. व्हेंटिलेटर नवीन आला तेव्हा हेच, हॉस्पिटलात कॉम्प्युटर आले तेव्हा हेच. आणि खरोखर महिन्याभरात त्या बाकीच्यांना शिकवत असायच्या, त्यामुळे वाद घालायला तोंड राहायचं नाही.

सावेडीतल्या एका खासगी हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डच्या त्या इनचार्ज सिस्टर, आणि मी त्यांच्या हाताखाली लागलेली कोपरगावची पोरगी. शहराचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडून नगरच येतं, त्याला इलाज नाही. त्यांना सगळे आपा, म्हणजे थोरली ताई, असंच म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. पाथर्डी-शेवगावकडचे पेशंट तर 'आपाबाई' म्हणायचे. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, चाल अशी की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. वडील गाद्या भरायचे. आईवडिलांचं शेवटपर्यंत आपांनीच केलं, त्यात लग्न राहून गेलं, आणि दोघं गेल्यावर त्या धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. भाऊ भला, भावजयही भली. कुणी कधी वाकडा शब्द काढला नाही. पण ड्यूटीवरून आल्यावर बेल वाजवायची आणि कुणीतरी उठून दार उघडणार, ह्याचा आपांना फार त्रास व्हायचा. भाऊ म्हणायचा, किल्ली ठेव ना तुझ्याजवळ. आपा म्हणायच्या, किल्ली ठेवून दार आपलं होत नसतंय. स्वतःच्या कमाईचं, स्वतःच्या नावाचं एक दार पाहिजे, बस्स, एवढ्यासाठी ही बाई ह्या वयात जर्मन शिकायला बसली होती. मी गेले ती हौस म्हणून गेले. खरं सांगायला मला लाज नाही.

आपा दोन घड्याळं वापरायच्या. मनगटावरचं बरोबर चालायचं, आणि गणवेशाला पिन केलेलं पाच मिनिटं पुढे असायचं. पेशंटची औषधं पुढच्या घड्याळावर, डॉक्टरांचा उशीर मनगटावरच्या. इंजेक्शन देताना बाकीच्या सिस्टर 'मुंगी चावल्यासारखं होईल' म्हणतात, तसलं आपा कधी म्हणाल्या नाहीत. सुई भरून घ्यायच्या आणि सांगायच्या, "दुखंल. पन मी हाय हितं." चांगले मिशीवाले गडी मुकाट्याने दंड पुढे करायचे.

जर्मन शिकायला लागल्यावर त्यांनी सगळ्या वॉर्डला कामाला लावलं. सलाइनच्या स्टँडवर, कॉटवर, खिडकीवर, प्रत्येक वस्तूवर तिचं जर्मन नाव लिहून चिकटवलं. महिन्याभरात ऊसतोडीवरून आलेले पेशंट सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना 'गुटेन मॉर्गन' म्हणायला लागले. डॉक्टर चिडले, तर आपांनी त्यांनाही उत्तर कसं द्यायचं ते शिकवून ठेवलं. जर्मनमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं असतं हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं होतं. म्हणाल्या, म्हणजे माणसं चांगली असणार.

सायकल शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कोपरगावची. शाळेला रोज उसाच्या ट्रॅक्टरांच्या मधून सायकल काढणारी, मला त्यात काय कळत नव्हतं? मावसबहिणीची लेडीज सायकल मागून आणली. व्हिसाला अडीच महिने होते. पहाटेची फजरची नमाज आटपून आपा सकाळी साडेसहाला हॉस्पिटलमागच्या गल्लीत हजर असायच्या, ओढणी कमरेला आवळून बांधलेली. सीटवर बसण्याआधी सायकलभोवती एक फेरी मारायच्या. पायावरची सूज बघावी तसं अंगठ्याने दोन्ही टायर दाबून बघायच्या. मग खिशातून वही काढून तारीख टाकायच्या.

ती वही पडण्याची होती. हॉस्पिटलात पेशंट कॉटवरून पडला की नोंद करावी लागते, कधी, कुठे, कशामुळे, काय उपचार केले. आपांनी स्वतःच्या पडण्याची तशीच नोंद ठेवली होती. "सकाळी सहा पन्नास. पाण्याच्या टाकीजवळ. कारण, कुत्र्याकडे पाहिले. डावे कोपर खरचटले. औषध लावले." खाली सही. मी हसून हसून बेजार व्हायचे, आणि त्या म्हणायच्या, हस, पण एका कारणानं दोनदा पडले तर सांग. आणि नाहीच पडल्या. प्रत्येक वेळी नवीन कारण.

एकदा एका निवृत्त तलाठ्यांच्या फाटकासमोर त्या रांगोळीवरच जाऊन आडव्या झाल्या. तलाठीबाई नुकत्या काढून आत गेल्या होत्या. आपांनी बेल वाजवून माफी मागितली, बाई राहू द्या हो म्हणाल्या, मला वाटलं मिटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर आपा सव्वासहालाच त्या फाटकासमोर उकिडव्या बसून रांगोळी काढतायत. रांगोळीचा एक ठिपका दुसऱ्याच्या ओळीत नव्हता. मी म्हटलं, अहो, कशाला? तर म्हणाल्या, मी मोडली, मीच काढनार. पुढे रोजच तलाठीबाई रांगोळीचा डबा फाटकाबाहेर ठेवायला लागल्या आणि आपांच्या बोटांना हळूहळू वळण आलं.

एवढं सगळं ठीक होतं. तोल जमला, वळण जमलं, एक हात सोडून खूण करणंसुद्धा जमलं. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.

आपांच्या वडिलांच्या घरी एक शिस्त होती. घरात सायकल होती ती तिन्ही भावांत एक. पण त्या सायकलवरून जाताना वडील दिसले, मास्तर दिसले, मौलवीसाहेब दिसले, गल्लीतलं कुणीही म्हातारं माणूस दिसलं, की भावांनी खाली उतरायचं. माणूस पुढे जाईपर्यंत सायकल हातात धरून चालायचं, मग पुन्हा बसायचं. वडीलधाऱ्यांसमोरून बसून जायचं नाही. आमच्या आजोबांच्या काळी आमच्याकडेही हे होतं म्हणतात, आता कोण पाळतं? आपा लहानपणी सायकलला हात न लावता हे बघत मोठ्या झाल्या, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकताना त्यांच्या डोक्यात सायकल म्हणजे ही शिस्तसुद्धा, असं एकत्रच बसलं होतं.

आता सावेडीत सकाळी साडेसहाला गल्लीत कोण असतं? सगळे निवृत्त लोक. माकडटोपी घातलेले, काठीवाले, जोडीने चालणारे. आपा दहा पायडल मारायच्या की समोरून एक आजोबा. उतरल्या. सलाम, नमस्कार, जे योग्य असेल ते. पुन्हा चढल्या. पाच पायडल, एक आजी. उतरल्या. मी मागून पळत असायचे, कप्पाळ बडवत. अडीच महिन्यांत त्यांना सायकल चालवण्यापेक्षा सायकलवरून उतरण्याचा सराव जास्त झाला. मी सांगितलं की आपा, तिकडे असलं काही चालणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि ऐकणं ह्यात फरक असतो, तो मला पुढे कळला.

ब्रेमेनला पोचल्यावर पहिले चार महिने आम्ही तिथल्या नर्सबरोबर गाडीतून फिरलो. मग हिवाळा संपला आणि आमच्या प्रमुख बाईंनी आम्हाला एकेक सायकल दिली. ह्या प्रमुख साठीच्या पुढच्या, पांढरे केस कापलेले, स्वतः रोज सायकलवरून येणाऱ्या, बोलणं मोजकं. त्यांनी सरळ सांगितलं की जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा नसते, त्यामुळे नवीन माणसाला सायकलचीच फेरी मिळते. सहा महिन्यांची परीक्षेची मुदत संपायच्या आत ती फेरी वेळेत करून दाखवायची. नाही जमली तर करार पुढे चालू राहणार नाही. म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली की परतीचं तिकीट, निदान आम्हाला तेव्हा तसंच वाटत होतं. आपांनी तोवर एक खोली भाड्याने घेतली होती. तिथे घंटीशेजारी राहणाऱ्याचं नाव लावतात. आपांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं तेव्हा आत नेलंच नाही. दाराशी उभं करून ते नाव वाचायला लावलं.

सायकली काळ्या, उंच आणि म्हशीसारख्या जड. शिवाय पायडल उलटं फिरवलं की ब्रेक लागायचा. आपल्याकडे चढताना पायडल जागेवर आणायला आपण उलटं फिरवतोच, त्यामुळे पहिल्या दिवशी मीसुद्धा तोंडावर पडता पडता वाचले. आपांनी वहीत आगाऊच लिहून ठेवलं, "उलटे पायडल मारू नये."

त्या शहरात पहिल्यांदा सायकल बाहेर काढली ती सोमवारची सकाळ होती, साडेसात वाजता. रविवारी काढू म्हटलं तर आपा म्हणाल्या, रिकाम्या रस्त्यावर शिकून काय उपयोग, नोकरी सोमवारी असती. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो आणि मी बाई गं म्हटलं. सायकलींना वेगळा पट्टा, आणि त्यावरून माणसं अशी सुटलेली की कुणी मागे बघत नाही. सूट घातलेले, स्कर्ट घातलेल्या, पुढच्या पेटीत दोन-दोन पोरं बसवलेल्या आया. एका हातात कॉफी घेतलेला एक जण मला सटकन ओलांडून गेला. डाव्या अंगाला ट्राम, तिचे रूळ, त्यात चाक अडकलं की संपलं. उजवीकडे पायी चालणारे, चुकून त्यांच्या बाजूला गेलं की ओरडतात. वर बारीक पाऊस आणि समोरून वारा. कोपरगावच्या ट्रॅक्टरांना निदान माझी दया यायची.

मी पुढे होते, आपा मागे. पुलाच्या चढापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मी मध्येच मागे बघून त्यांचा चेहरा बघितला, तो ऑपरेशनच्या तयारीला असायचा तसा होता. पुलावर मागून एक आजोबा आले. ऐंशीचे असतील, डोक्याला टोपी, स्वतःच सायकलवर, आपल्या नादात, आपांना ओलांडून पुढे जायच्या बेतात. त्यांचं चाक आपांच्या शेजारी आलं, आपांनी मान वळवून बघितलं, आणि त्या उतरल्या.

मधोमध उतरल्या. पुलाच्या चढावर, सोमवारी साडेसातला, सायकल हातात धरून मान खाली घालून उभ्या. मागच्यांचे ब्रेक करकरले. पोरांची पेटीवाली बाई कठड्याला टेकली, कॉफीवाला कुणी दुसरा होता त्याची कॉफी त्याच्याच कोटावर गेली, आणि पन्नासेक घंट्या एकदम वाजायला लागल्या. कुणी पडलं नाही हे नशीब. आजोबा घाबरून थांबले, त्यांना वाटलं ह्या बाईला चक्कर आली. त्यांनी विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का? आपांनी शुद्ध जर्मनमध्ये सांगितलं की मी बरी आहे, आधी आपण. आजोबांना काही कळलं नाही. त्यांनी टोपीला हात लावला आणि निघून गेले. मागच्या लोकांनी जे काही म्हटलं ते आम्हाला क्लासमध्ये शिकवलेलं नव्हतं.

आणि त्या गावात म्हातारी माणसं घरात बसतच नाहीत हो. नव्वदीच्या आज्या टोपलीत भाजी घेऊन सायकलवर. आपांनी त्या दिवशी कामावर पोचेपर्यंत किती वेळा उतरावं? मी मोजणं सोडून दिलं.

प्रमुखांबरोबरची पहिली फेरी अशीच गेली. पहिलं घर एका एकट्या राहणाऱ्या गृहस्थांचं, इन्सुलिनचं. साडेसातला सुई द्यायची, मग त्यांनी नाश्ता करायचा. आपा पोचल्या सव्वाआठला. मी त्या फेरीला नव्हते, आपांनीच नंतर सांगितलं. टेबलावर पाव कापून ठेवलेला, अंडं फडक्याखाली झाकलेलं, आणि ते गृहस्थ हात मांडीवर ठेवून बसलेले.  प्रमुख आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा बघू म्हणाल्या, तेव्हाही पहिल्या घरी उशीर झाला तर मला करार थांबवावा लागेल.

संध्याकाळी नगरहून भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो नेहमीसारखाच म्हणाला, नसेल जमत तर ये परत, घर तुझंच हाय. किती गोड वाक्य आहे. आपा हसून हो म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर जेवल्या नाहीत. मला वाटलं नोकरीची काळजी. मी समजूत घालायला लागले तर म्हणाल्या, "म्हातारं मानूस माझ्यामुळं उपाशी बसलं, बेटा. समोर ताट ठिवून."

मग मला राग आला. मी म्हटलं, तेच तर सांगतेय! रस्त्यावरच्या दहा म्हाताऱ्यांना मान देता देता घरातला एक उपाशी ठेवलात. आणि ह्या लोकांना तुमचा मान कळतो तरी का? त्यांना वाटतं ही बाई वेडी आहे. घंटी वाजवतात तुमच्यावर.

आपांनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत. "त्यांना कळावं म्हनून कोन उतरतंय?" एवढंच म्हणाल्या.

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. 

पुढचे दोन आठवडे त्यांनी जिद्दीने काढले. रोज कामाच्या आधी त्या पुलावरून चार फेऱ्या. न उतरण्याचा सराव. मी कधी बरोबर जायचे, कधी नाही. त्या नजर खाली ठेवून बघायच्या, पण खाली बघितलं की रूळ दिसत नाहीत. मग त्यांनी समोरचा माणूस आपल्यापेक्षा लहानच आहे असं मनाला सांगून बघितलं. काठी टेकत येणाऱ्या एका आजोबांना बघून त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, पंचेचाळीसचा असंल, केस लवकर पिकलेत. आणि दुसऱ्या क्षणी खाली. "मी न्हाई उतरत," त्या वैतागून म्हणाल्या, "पाय उतरत्यात." शेवटच्या चार दिवसांत त्या मला बोलवेनाशा झाल्या. एकट्याच जायच्या. कुठे जाता म्हटलं तर मैदानावर म्हणायच्या. गुडघ्याला पट्टी दिसली, मी वही मागितली, तर वही दिली नाही. मी मनात धरलं, आता काही ही बाई इथे राहत नाही.

माझी छोटी फेरी आधीच वेळेत पार पडली होती, तरी परीक्षेच्या सकाळी प्रमुखांनी मलाही सोबत घेतलं. कारण सांगताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आपांना जमलं नाही तर त्यांची मोठी फेरी मला द्यायची होती, तेव्हा मी रस्ता बघून ठेवावा. म्हणजे माझी बढती आपांच्या हातात, किंवा पायात म्हणा. मी आपांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. त्याच म्हणाल्या, चल बेटा, हवा भरली का दोन्ही चाकात? आणि माझ्या सायकलचे टायर अंगठ्याने दाबून बघितले.

सात वाजता निघालो. आपा पुढे, प्रमुख मधे, मी मागे. गल्लीच्या तोंडाशीच पहिली आजी भेटली, आधाराची ढकलगाडी घेऊन कडेने चाललेली. मी डोळे मिटून घ्यायचेच बाकी होते. आपांनी आजींकडे बघितलं. त्यांचे खांदे हलले, ते उतरायच्या आधी हलतात तसेच. आणि त्या सीटवरून उठल्या.

उतरल्या नाहीत. उठल्या. दोन्ही पाय पायडलवर ठेवून सायकलवरच ताठ उभ्या राहिल्या, मान जराशी लववली, आणि उभ्याउभ्या पायडल मारत आजींच्या शेजारून पुढे गेल्या. आजी मागे पडल्या तशा पुन्हा बसल्या.

 मला कळलं, आणि मी सायकलवर मोठ्याने हसले. मोठं माणूस आलं की उठून उभं राहायचं, एवढंच ना! त्याला खाली कशाला उतरायला पाहिजे? चार दिवस मैदानावर ही बाई हे शिकत होती. चालत्या सायकलवर उभं राहायचं, तेही पुढच्या टोपलीत औषधांची जड पिशवी असताना. चांगल्या तरण्या माणसाचा तोल जातो.

आता गंमत अशी की उभं राहून पायडल मारलं की सगळं वजन पायात येतं आणि सायकल पळते. आणि त्या रस्त्यावर सकाळच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना तोटा नव्हता. एक गेलं की दुसरं. आपा बसतायत न बसतायत तोच पुन्हा उभ्या. बेकरीच्या दारातले आजोबा, उभ्या. कुत्रा फिरवणाऱ्या बाई, उभ्या. पुलाचा चढ तर त्यांनी जवळजवळ अख्खा उभ्यानेच काढला, कारण पुढे एक म्हातारं जोडपं शेजारी शेजारी सायकलवर चाललं होतं आणि आपा त्यांना ओलांडेपर्यंत बसायला तयार नव्हत्या. वारा समोरून होता. कॉफीवाले, सूटवाले, पेटीवाल्या आया, सगळ्यांना मागे टाकून ती बुटकी बाई चालली होती. रूळ आले की सरळ, बरोब्बर काटकोनात पार. लाल दिवा लागला की पाय खाली टेकून शहाण्यासारख्या थांबल्या. प्रमुखांना धाप लागली. मला तर लागलीच, पण मी कोपरगावची, मी दाखवलं नाही. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात प्रत्येक म्हाताऱ्या माणसासाठी देवाचे आभार मानतेय, आणि त्या फेरीचं, माझ्या त्या बढतीचं, मला कणभर काही वाटत नाहीये.

पोचलो ते सात वाजून एकवीस मिनिटांनी. तीन मजले चढून आपांनी घंटी वाजवली. गृहस्थांनी दार उघडलं, अंगात रात्रीचेच कपडे, आणि घड्याळ बघून म्हणाले, तुम्ही लवकर आलात. त्या देशात लवकर येणं हाही गुन्हाच असतो.  प्रमुखांनी घड्याळ बघितलं, माफी मागितली, आणि आम्ही तिघी जिन्यात साडेसात वाजेपर्यंत मुकाट्याने उभ्या राहिलो. साडेसातला आपांनी पुन्हा घंटी वाजवली. सुई भरून त्या गृहस्थांना जर्मनमध्ये म्हणाल्या, दुखेल, पण मी आहे इथे. त्यांनी पोटावरचा शर्ट वर केला. मग पाव कापला आणि आमच्या समोर जेवायला बसले. त्यांनी पहिला घास घेईपर्यंत आपा निघाल्या नाहीत.

बाकीची सहा घरं वेळेत झाली. दुपारी ऑफिसच्या अंगणात सायकली लावताना प्रमुखांनी विचारलं, तुमचं सीट मोडलंय का? आपा म्हणाल्या, नाही. मग तुम्ही सारख्या उभ्या का राहत होता? आपा म्हणाल्या, वाटेत मोठी माणसं होती.  "सगळी?" प्रमुखांनी विचारलं. "बहुतेक," आपा म्हणाल्या. मग आपांनी, परीक्षा अजून संपली नाही ह्याची काही फिकीर न करता, आपल्या घरातली ती पद्धत त्यांना नीट समजावून सांगितली. भाऊ, वडील, मास्तर, मौलवीसाहेब, सगळं. कुठलं विशेषण चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त केलं. वाटेत मी प्रत्येक लाल दिव्याला पाय खाली टेकल्यावर तुमच्यासाठीही मागे वळून मान लववत होते, हेही सांगितलं, कारण तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात. प्रमुख म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही मी पडले का ते बघताय.

आत गेलो. मी दमले होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसकण मारली. प्रमुखांनी कपाटातून आपांचा करार काढला, पुढच्या मुदतीचा, आणि टेबलावर ठेवला. समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाल्या, बसा.

आपा उभ्याच राहिल्या. हातात पेन आलं होतं. डोळे भरलेले, पण आवाज वॉर्डातलाच.

"आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी आपांकडे बघितलं, स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं. मग ती खुर्ची हळूच टेबलाखाली सारली आणि आपांच्या समोर सरळ उभ्या राहिल्या. बाहेर कुणाची तरी सायकल पडल्याचा आवाज आला, पण दोघींपैकी कुणी तिकडे बघितलं नाही. कागद उंचीला बराच खाली पडत होता. आपा वाकल्या, सही केली, कागद फिरवून दिला. प्रमुख वाकल्या, त्यांनी सही केली.

मी अजून खुर्चीतच होते. आपा माझ्याहून बावीस वर्षांनी मोठ्या, चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेली मी, आणि त्या वॉर्डात आल्या म्हणून मी एकदाही उठले नव्हते.

मी उठून उभी राहिले.